आठातला एक भाग

ते साल दोन हजार अकरा. बाई तेव्हा सहासष्ट वर्षांच्या होत्या, आणि त्या वर्षीच्या फेब्रुवारीत एका मंगळवारी, सकाळी साडेअकराच्या सुमाराला, परवाना कार्यालयातल्या चार नंबरच्या खिडकीवर त्यांना कळलं की आपल्या बोटांना ठसेच नाहीत. खिडकीतली मुलगी पंचविशीची असेल. तिने आधी "आजी, जरा दाबून ठेवा" म्हटलं, मग "पुसून ठेवा" म्हटलं, मग स्वतःच खिडकीच्या फटीतून हात घालून बाईंचं बोट काचेवर दाबून धरलं. काचेखाली हिरवा दिवा लागायचा, विझायचा, आणि पडद्यावर एक करडा डाग उमटायचा, कोणीतरी काचेवर श्वास सोडावा तसा. दहाही बोटांचं तेच. "आजी, तुम्ही काम काय करता?" मुलीने विचारलं. बाई म्हणाल्या, "मातीकाम." "म्हणजे बागेत?" "नाही गं. भांडी करते, भिंतीच्या फरश्या करते. मातीवर पानं उमटवते आणि भाजते." मुलीने खुर्ची मागे सरकवली आणि मनापासून हसली. "म्हणजे साऱ्या झाडांचे ठसे घेता, आणि स्वतःचे कुठे ठेवून आलात?" रांगेतले दोघंतिघं हसले. बाईही हसल्या, पण हसता हसता त्यांनी हात पदराखाली घेतला. "पंधरा दिवस माती बंद करा," मुलगी म्हणाली. "हाताला मलम लावा, हातमोजे घाला. रेषा परत येतात. मागे एक गवंडीकाका आले होते, त्यांच्या आल्या." पंधरा दिवस जेवू नका असं कोणी सांगावं तसं बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं."

बाईंचं 'बरं' हा त्यांच्या घरातला जुना विनोद होता. त्यांचे यजमान नकाशे काढण्याच्या खात्यात होते. सगळे त्यांना नकाशेवाले म्हणत, आणि लग्नाआधी बाईही तेच म्हणत. ते पाहुण्यांना सांगायचे, "हिच्या बरंचे तीन प्रकार आहेत. एकाचा अर्थ हो, दुसऱ्याचा अर्थ नाही, आणि तिसऱ्याचा अर्थ तुम्ही बोलत राहा, माझी माती वाळतेय." आता ते जाऊन सहा वर्षं झाली होती आणि बरंचे प्रकार ओळखणारं घरात कोणी उरलं नव्हतं. गेल्या थंडीत शेडच्या पायरीवरून बाईंचा पाय घसरला, घोटा सुजला, तीन आठवडे पडून राहावं लागलं. परदेशातल्या लेकीने फोनवर रडून घेतलं आणि मग रडं पुसून म्हणाली, "आई, आता पुरे झालं. तू इकडे कायमची ये. एकटीने राहायचं वय आहे का तुझं?" बाई म्हणाल्या होत्या, "बरं." तो कोणत्या प्रकारचा बरं होता हे बोलताना त्यांनाच उमगलं नव्हतं. लेकीने मात्र त्याला पहिल्या प्रकारचा धरला, कागद मागवले, अर्ज भरले, खिडकीची तारीख घेतली. एक शब्द तोंडातून गेला आणि त्याला चाकं फुटली.

परत येताना बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. बाईंनी उजवा अंगठा उन्हात धरला. नकाशेवाले पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी हाच अंगठा धरला होता, हात धरायचं धाडस नव्हतं म्हणून. "बघा," ते म्हणाले होते, "ही टेकडीच आहे. मधे शिखर, आणि भोवती उंचीच्या रेषा. जिथे रेषा दाट, तिथे चढ उभा. तुमच्या टेकडीवर चढणं काही सोपं नाही." ते बोलून त्यांचे कान लाल झाले होते. बाईंना ते लाल कान आठवले आणि बसमध्येच हसू आलं. आता टेकडीचं पठार झालं होतं. गुळगुळीत, किंचित चमकणारं, नदीतल्या गोट्यासारखं. एवढी वर्षं माती हातातून जाताना दर दिवशी थोडं थोडं घेऊन गेली आणि आपल्याला पत्ताही नाही. वाईट वाटावं की काय ते त्यांना कळेना. खरं सांगायचं तर पडद्यावरचा तो करडा डाग बघताना मनात जे आलं, त्यात भीती होती, लाज होती, आणि सगळ्यांत खाली, कोणाला दिसू नये अशी लपून बसलेली एक सुटका होती. आता जाता येणार नाही, असं कुणीतरी आत हळूच म्हणालं होतं. बाईंनी त्याला दटावलं. लेक आहे ती. शिवाय चार वर्षांची नात आहे, तिला सगळे पिलू म्हणतात, आणि पिलूला आजी फक्त फोनमधला आवाज म्हणून ठाऊक आहे.

शेड घरामागे होती. दोन खोल्या, उत्तरेला मोठी खिडकी, कोपऱ्यात विजेची भट्टी, आणि भिंतभर फळ्यांवर रद्द झालेल्या नकाशांचे गठ्ठे. नकाशेवाल्यांच्या खात्यात जुने नकाशे टाकून द्यायचे, ते त्यांनी वर्षानुवर्षं घरी आणले आणि बाईंनी त्यांच्या घड्यांमध्ये पानं दाबून ठेवली. कुठल्या तरी खाडीत नेचा, कुठल्या डोंगररांगेवर वेलीचा कोंब, एका अख्ख्या जिल्ह्यावर गवताचे तुरे. पानांसाठी बाई दूर कधी गेल्या नाहीत. गटाराच्या कडेला, पडक्या कुंपणावर, शाळेच्या मागच्या भिंतीच्या भेगेत जे उगवतं तेच त्यांना पुरत आलं. कामाची रीत साधी होती. माती लाटायची, पान तिच्यावर पालथं घालायचं, म्हणजे पानाची पाठ मातीकडे; शिरा पाठीवरच उठून असतात, तोंडावरून नुसता गुळगुळीतपणा हाती लागतो. लाटणं एकदाच फिरवायचं. दुसऱ्यांदा फिरवलं की रेषा दुहेरी होते आणि पान खोटं बोलायला लागतं. मग पान तसंच राहू द्यायचं. भट्टीत ते जळून जातं, चिमूटभर राख उरते, ती फुंकली की खाली पान असतं. त्यावर पातळ हिरवी झिलई दिली की ती रेषांत साचते आणि शिरा गडद होतात. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, भाजण्याआधी ओल्या स्पंजाने आपली बोटं पुसून काढायची.

हे शेवटचं मास्तरांचं. बाई बाविसाव्या वर्षी मास्तरांकडे शिकायला गेल्या तेव्हा ते साठीचे होते, कोरडे, बारीक, बोलायला लागले की समोरच्याच्या हाताकडे बघून बोलणारे. "पान कोणाचं?" ते विचारायचे. विद्यार्थ्याने म्हणायचं, "झाडाचं." "मग तुझं बोट तिथे काय करतंय?" झालं, एवढंच. भट्टी उघडली की ते माल निवडायचे. चांगला उजवीकडे, ज्याच्यावर कोणाचं बोट राहिलंय तो डावीकडे. डावीकडचं एका छोट्या हातोडीने फोडायचे, राग नाही, लोभ नाही, अक्रोड फोडावेत तसं. बाईंच्या दुसऱ्या वर्षी एका वाडग्याच्या तळाशी, नेच्याच्या पानाला लागून, त्यांचा उजवा अंगठा राहून गेला. झिलई नेच्याच्या शिरांत साचली तशी अंगठ्याच्या रेषांतही साचली होती, तोच हिरवा, तितकाच गडद. एकाच देठाला दोन जातींची पानं आल्यासारखी. मास्तरांनी वाडगा डावीकडे ठेवला आणि पाठ वळवली. बाईंनी तो उचलून कामाच्या कपड्याखाली घेतला. चोरीच ती. आयुष्यातली एकुलती एक. त्यानंतर मात्र त्यांनी बोट कधी राहू दिलं नाही. हजारो फरश्या, ताटल्या, भिंती, आणि कुठे म्हणून त्यांचा स्पर्श दिसत नव्हता. लोक म्हणायचे, वाटतं की झाडानेच येऊन केलंय. बाईंना ते ऐकायला आवडायचं.

तो वाडगा घरात किल्ल्या आणि खोडरबरं ठेवायला लागला. लेक पाच वर्षांची असताना एकदा तिने तो रिकामा केला आणि विचारलं, "हा कोणाचा अंगठा?" नकाशेवाले वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "एवढासा आहे म्हणजे तुझाच की! आईच्या मांडीवरून वाकली असशील आणि खुपसला असशील." ते मुद्दाम खोटं बोलले नव्हते. आयुष्यभर मोजमापात वावरलेला माणूस, पण माती भाजली की आकसते हे त्यांच्या कधी डोक्यात शिरलं नाही. बाईंच्या हाडात ते मुरलेलं होतं: आठातला एक भाग जातो. सात इंची फरशी हवी तर आठ इंची कापायची. अंगठाही तसाच गेला होता, लहान होऊन. शिवाय त्यांचे हात मुळातच बारीक. दाराशी उभ्या राहून सांगायला त्यांनी तोंड उघडलं, आणि लेकीचा चेहरा बघितला. त्या पोरीने स्वतःचा अंगठा डोळ्यांसमोर धरला होता आणि त्याच्याकडे असं बघत होती की जणू तो कुठल्या प्रवासाला जाऊन आलाय. बाईंनी तोंड मिटलं. मग आल्यागेल्याला वाडगा दाखवणं सुरू झालं. "हा माझा ठसा, मी छोटी होते ना तेव्हाचा." लग्न करून परदेशी जाताना लेकीने दागिन्यांपेक्षा जास्त कपड्यांत गुंडाळून तो नेला. अंगठ्याच्या त्या प्रश्नाला आता एकतीस वर्षं झाली होती. आणि आता बसमधून उतरताना बाईंच्या एकदम ध्यानात आलं, की साऱ्या जगात आपला एकच ठसा उरलाय आणि तो लेकीच्या नावावर आहे.

भट्टीवालीने पांढरे हातमोजे बघितले आणि कमरेवर हात ठेवले. ती पन्नाशीची, वीस वर्षं बाईंकडे असलेली; भट्टी तिच्या ताब्यात, आणि जीभ कोणाच्याच ताब्यात नाही. "चौकात उभ्या राहा बाई, शिट्टी मी आणून देते." "वाजवशील तूच." "मग हात धुऊन मऊ करून एकदा परदेशी गेलात की तिकडे माती मिळते का? का तिकडे सगळं आधीच पुसून ठेवलेलं असतं?" "मिळत असेल." "आणि भट्टीला काय सांगू मी? बाई मुलीकडे गेल्या, तू थंड राहा?" बाई म्हणाल्या, "बरं," आणि भट्टीवाली पाय आपटत आत गेली. चाळीस फरश्या करून द्यायच्या होत्या, मुलांच्या एका दवाखान्यात बसायच्या जागेच्या भिंतीसाठी. बाई स्टुलावर बसून सांगायच्या आणि भट्टीवाली लाटायची. सांगताना मोज्यांतली बोटं आपोआप हवेत हलायची. माती किती ओली आहे हे नुसत्या डोळ्यांनी बघायचं म्हणजे पदार्थाची चव वासावरून सांगण्यासारखं होतं. पण बसल्या बसल्या काही वेगळंही दिसायला लागलं. भट्टीवाली पान ठेवण्याआधी क्षणभर ते उजेडात धरायची. ही सवय आपली, ती तिच्या अंगात कधी गेली? शेडच्या खिडकीतून दुपारी तीन वाजता उन्हाची एक पट्टी येते आणि नकाशांच्या गठ्ठ्यावर पडते, हे एवढ्या वर्षांत कामाच्या नादात कधी बघितलंच नव्हतं. सहाव्या दिवशी एका फरशीच्या कोपऱ्यात भट्टीवालीचा अंगठा राहिला. तिने स्पंज उचलला. "राहू दे," बाई म्हणाल्या. भट्टीवालीचा हात हवेतच थांबला. "बाई, तब्येत बरी आहे ना?" "राहू दे गं. मुलांची भिंत आहे, बोट घालून बघतील." "मास्तरांचा आत्मा तळतळेल." "तळतळू दे. त्यांनी फोडायला यावं."

दहाव्या दिवशी सकाळी बाईंनी मोजा काढला, नकाशेवाल्यांचं भिंग घेतलं आणि खिडकीशी गेल्या. रेषा येत होत्या. अगदी फिकट, ओल्या वाळूवर मुंग्या चालून गेल्यासारख्या, पण होत्या. शिखर त्याच जागी होतं. चव्वेचाळीस वर्षं मातीने घासूनही खालचा नकाशा तोच होता, नुसता वाट बघत राहिलेला. बाईंना इतका आनंद झाला की भट्टीवालीला हाक मारायला तोंड उघडलं, आणि हाक न मारताच मिटलं. रेषा आल्या म्हणजे जावं लागणार. त्या भिंग हातात घेऊन तशाच बसून राहिल्या. लेक आणि शेड असं तोलून बघायला त्यांचं मन तयार होईना. आई म्हणवणारीने असं तोलूच नये, असंही वाटत होतं. दूरच्या त्या स्वच्छ घरात, लेकीच्या प्रेमाच्या उबेत, आपण हात मांडीवर ठेवून बसलो आहोत आणि बोटांवरच्या रेषा दिवसेंदिवस स्पष्ट होत चालल्या आहेत, असं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे आलं आणि जाईना.

रविवारी सकाळी लेकीचा फोन आला. नेहमीची हवापाण्याची चौकशी झाली, मलम लावतेस ना झालं, आणि मग लेक म्हणाली, "आई, एक गंमत झाली. काल पिलूला मी तो वाडगा दाखवला. म्हटलं, बघ, मी तुझ्याएवढी होते तेव्हाचा माझा अंगठा. तिने स्वतःचा घातला त्यात." "मग?" "बुडून गेला. दुप्पट जागा उरली भोवती. आई, चार वर्षांच्या मुलीचा एवढा अंगठा नसतो." बाईंनी फोन दुसऱ्या कानाला घेतला. "मग मी माझा धरला शेजारी, भिंग लावून. बाबांसारखं. माझ्या अंगठ्यावर रेषा वळसा घेऊन परत जातात. त्यातल्या गोल फिरतात. कोणाचा आहे तो?" शेडमध्ये भट्टीवाली काहीतरी घासत होती, तो आवाज तेवढा येत राहिला. "माझा," बाई म्हणाल्या. "एवढा लहान?" "माती आकसते गं. आठातला एक भाग." "म्हणजे बाबांनी थाप मारली?" "नाही, त्यांना तसंच वाटलं होतं." "आणि तुला माहीत होतं." "हो." "एकतीस वर्षं?" "तुला किती आवडायचं ते. तुझा चेहरा बघितला आणि नाही सांगवलं." फोनमध्ये लेक हसली की स्फुंदली ते कळलं नाही, बहुधा दोन्ही. मग तिचा आवाज बदलला, लहानपणी अंधारात पाणी मागायची तसा हलका झाला. "आई, खरं सांग. तुला इकडे राहायला यायचंय का? की हेही मला आवडेल म्हणून बरं म्हणालीस?"

बाईंच्या डोळ्यांसमोर मास्तरांची ती डावी बाजू आली, जिथे बोट राहिलेली भांडी ठेवत. आपण आयुष्यात सगळीकडून स्वतःचं बोट असंच पुसत आलो की काय, इतक्या सफाईने की पोटच्या पोरीला भिंग लावून शोधावं लागलं? "मला भेटायला यायचंय," त्या म्हणाल्या. "पिलूला मांडीवर घ्यायचंय. तुझ्या हातचं खायचंय. राहायला मात्र... नाही गं. माझी माती आहे इथे." आणि घाईघाईने, "रागावलीस?" "रागावले," लेक म्हणाली. "वाडग्याबद्दल. बाकीचं मला वाटतं माहीतच होतं. पण पायरीला कठडा लावून घे, आजच्या आज. आणि भट्टीवाली मावशींना फोन दे, तुझ्यावर माझा भरवसा नाही." भट्टीवालीने ओल्या हाताने फोन घेतला, सगळं ऐकून घेतलं, आणि परत देताना नुसतं म्हणाली, "शिट्टी नको आता." मग तोंड फिरवून बराच वेळ तेच स्वच्छ भांडं घासत राहिली. त्या दुपारी बाईंनी मोजे काढून नकाशांच्या गठ्ठ्यावर ठेवले आणि राहिलेल्या फरश्यांच्या कडा ओल्या अंगठ्याने गुळगुळीत करायला घेतल्या. माती गार होती. बारा दिवसांनी बोटं बोलायला लागावीत तसं झालं. कुठे ओल जास्त, कुठे एक खडा राहिलाय, सगळं एकदम ऐकू आलं. उन्हाची पट्टी तीन वाजता आली. आज बाईंनी मान वर करून बघितली.

पंधराव्या दिवशी चार नंबरच्या खिडकीवर तीच मुलगी होती. "आलात आजी? कायमचं जायचंय ना, अर्ज आहे माझ्याकडे." "नाही. भेटायला जायचंय. तीन महिने." "मग हा नाही, पिवळा भरा." बाईंनी पिवळा अर्ज भरला, रकान्यात 'भेट' लिहिलं, आणि हात काचेवर ठेवला. एकेक बोट पडद्यावर उमटत गेलं, बारीक, दाट, टेकड्यांच्या रांगेसारखं. मुलगी मोजत होती. नऊ आली. "उजवा अंगठा नाही येत, आजी." पुन्हा पुसला, पुन्हा दाबला. तोच करडा डाग. "माती हातात घेतलीत ना? खरं सांगा." "घेतली." "आता काय लिहू मी इथे?" बाई म्हणाल्या, "लिही, तो आधीच तिकडे गेलाय." मुलगी पुन्हा तशीच खुर्ची मागे सरकवून हसली, 'उपलब्ध नाही' असं लिहिलं, आणि शिक्का मारला.

पुढे असं झालं. बाई तीन महिने लेकीकडे राहिल्या, आणि मग पुढची सहा वर्षं दर उन्हाळ्यात जात राहिल्या. नऊ बोटांवर गेल्या, असं लेक म्हणायची. मास्तर तर केव्हाच गेले होते. त्यांची हातोडी लिलावात कोणी घेतली ते कळलं नाही. चार नंबरची खिडकी यंत्रं बदलल्यावर बंद झाली, आणि ती मुलगी एक दिवस शेडच्या दाराशी येऊन उभी राहिली, "नुसती बघायला." ती शनिवार-रविवार येत राहिली आणि बरी वाडगी करायला लागली, बोटं मात्र पुसायची विसरते. दवाखान्यातली भिंत अजून आहे. खालच्या रांगेत कोपऱ्यावरच्या एका फरशीची झिलई झिजून फिकट झालीये, कारण तिथे बसलेली मुलं त्या अंगठ्यात बोट घालून बघतात. बाई सत्त्याहत्तराव्या वर्षी गेल्या, चार दिवसांच्या आजारात, शेडच्या पायरीच्या कठड्याला त्यांचं शेवटचं मळलेलं फडकं तसंच वाळत होतं. भट्टी आता भट्टीवालीची आहे आणि जीभही अजून तशीच आहे. वाडगा लेकीने पिलूला दिला. पिलू तेव्हा पंधरा वर्षांची झाली होती, आणि एका दुपारी तिने किल्ल्या बाजूला काढून सहज अंगठा आत ठेवला तो अगदी बेताचा बसला, जरा पुढे नाही की मागे नाही. आता ती मैत्रिणींना सांगते, हा माझा ठसा. लेक शेजारीच असते. तोंड उघडते, पोरीचा चेहरा बघते, आणि म्हणते, "बरं."